सगळ्यांचं एकच उत्तर

१

केंद्रसंचालक हरकीरत सिद्धू यांनी लोखंडी कपाट उघडलं आणि उघडंच ठेवून ते मागे सरकले. वरच्या फळीवर खेळांच्या ढाली होत्या, खाली गुंडाळलेले पडदे. मधली फळी रिकामी होती.

"यहीं था," ते म्हणाले. "सौं रब दी, मॅडम जी, यहीं था।"

"कुलूप?"

"ताला किसलिए? मेरा कमरा है।"

शालिनी देवस्थळींनी मान डोलावली. चंदीगडच्या विद्यापीठात कायदा शिकवण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं आणि आता निवृत्ती जवळ आली होती. कुठलीही चौकशी निघाली की त्यांचं नाव पुढे येई. त्याला हुशारीपेक्षा वेगळंही एक कारण होतं. या विद्यापीठात पंजाबचा माणूस नेमला तर हरियाणावाले कुरकुरत, हरियाणाचा नेमला तर पंजाबवाले. साताऱ्याच्या बाईंवर मात्र दोघांनाही आक्षेप नसे.

१९९८ चा मे महिना होता. डेराबस्सीच्या पुढे, औषधांच्या आणि रसायनांच्या कारखान्यांचा पट्टा संपतो तिथे विद्यापीठाचं हे छोटं केंद्र होतं. विद्यापीठाची अशी केंद्रं गावोगाव होती, पण विज्ञान शिकवणारी थोडीच. इथे बी.एस्सी.ला सगळ्या मुलीच होत्या. चंदीगडला रोज जाऊ द्यायला त्यांच्या घरचे तयार नव्हते, आणि जवळ दुसरं कॉलेज नव्हतं.

एप्रिलमध्ये या मुलींची रसायनशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा झाली. प्रत्येकीला एक पांढरी पूड दिली होती आणि तो क्षार कोणता हे प्रयोग करून ओळखायचं होतं. सगळ्या मुलींनी एकच उत्तर लिहिलं. ते उत्तर चूक निघालं.

बरोबर उत्तर सगळ्यांचं सारखं असतं, त्यात नवल नाही. पण सगळ्यांची चूकही सारखीच, म्हणजे कोणीतरी सांगितलं आणि बाकीच्यांनी उतरवून घेतलं. विद्यापीठाने निकाल अडकवला. सामूहिक कॉपी सिद्ध झाली तर मुलींचं वर्ष जाणार होतं आणि केंद्रातलं विज्ञान कायमचं बंद होणार होतं. खासगी कॉलेजांना नव्याने परवानग्या मिळू लागल्या होत्या. तोट्यातली केंद्रं कशाला चालवायची, असं म्हणणारे विद्यापीठात वाढले होते.

परीक्षेनंतर उरलेली पूड परीक्षक सील करून केंद्रावरच ठेवतात, निकालाबद्दल तक्रार आली तर पुन्हा तपासता यावी म्हणून. शालिनीबाईंनी पहिल्याच दिवशी ती मागितली आणि ती नाहीशी झाल्याचं उघड झालं.

"पुरावा गेला," सिद्धू खुर्चीत बसत म्हणाले. "अब सब यही कहेंगे कि हमने गायब किया।"

"तुम्ही केला का?"

सिद्धूंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि दाराकडे बोट केलं. "उससे पूछिए। गुरलीन। नकल तो उसने कबूल कर ली है।"

२

गुरलीन किरकोळ अंगाची होती. बोलताना ती सारखी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"हां जी," ती म्हणाली. "मैंने किया। सबको मैंने बताया।"

"काय सांगितलंस?" शालिनीबाईंनी हिंदीत विचारलं.

"उत्तर।"

"तुला कसं कळलं उत्तर?"

गुरलीनने ओढणीचं एक टोक सोडून दुसरं धरलं.

"कॉपी करणारी कुठून तरी करते. पुस्तकातून, चिठ्ठीवरून, कोणाच्या तरी तोंडून. तू कुठून केलीस?"

"टेस्ट ट्यूब से," गुरलीनच्या तोंडून निघून गेलं. मग ती रडायला लागली.

थोडं थोडं करून तिच्याकडून कळलं ते असं. शिस्तपालन समितीच्या साहेबांनी मुलींना सांगितलं होतं, एकीने कबूल केलं तर बाकीच्यांना सोडू. बाकीच्यांत दोघींची लग्नं ठरलेली होती आणि सासरच्यांची अट बी.एस्सी. पुरं करण्याची होती. गुरलीनचे वडील कारखान्यात फोरमन, मोकळ्या मनाचे. म्हणून कबुली तिने दिली. समितीने कबुली घेतली आणि सोडलं कोणालाच नाही.

"लेकिन अब मुझे खुद समझ नहीं आता, मॅडम," ती म्हणाली. "सब कहते हैं गलत था। तो शायद मैंने गलत ही देखा होगा।"

"बरोबर उत्तर काय होतं ते सांगितलं तुम्हाला?"

"नहीं जी। वो तो सीक्रेट होता है।"

बाहेर व्हरांड्यात ऋचा चांदोरकर उभी होती. केंद्रावर रसायनशास्त्र शिकवणारी ती एकटीच, तीही कंत्राटी. नागपूरची. नवरा शिशिर चंदीगडच्या वैद्यकीय संस्थेत डॉक्टर, बिऱ्हाड सेक्टर बावीसमधल्या भाड्याच्या खोलीत.

"शालिनीताई, त्या पोरी रात्रंदिवस रडून राहिल्या," ती म्हणाली. "आणि मला कोणी काही सांगूनच नाही राहिलं. परीक्षेला मला आत येऊ देत नाहीत, आपल्या शिक्षकाने थांबायचं नाही असा नियम. उत्तरं चंदीगडला तपासतात. बरोबर काय होतं ते विचारलं, तर म्हणे गोपनीय. अहो, चूक काय झाली तेच माहीत नाही, तर बचाव कशाचा करायचा?"

"लोक म्हणतात, तूच सांगितलंस उत्तर."

"मी सांगितलं असतं तर बरोबर सांगितलं असतं ना!" ऋचा फणकारली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, पुडीत काय होतं हे चंदीगडमध्ये एकाच माणसाला ठाऊक असतं. तुमच्या मित्राला."

३

जयंत मिरजकर खरोखरच मित्र होते. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत गेली कितीतरी वर्षं आरतीचं तबक त्यांच्या हातात आणि झांजा शालिनीबाईंच्या. रसायनशास्त्राचे ते नामांकित प्राध्यापक. सगळ्या केंद्रांना एकच नमुना देण्याची पद्धत त्यांचीच. पूर्वी प्रत्येक ठिकाणी परीक्षक आपल्या मनाचा क्षार द्यायचा. ओळखीच्या कॉलेजात सोपा, बिनओळखीच्या कॉलेजात अवघड. मिरजकरांनी अनेक सभांमध्ये भांडून ते बंद केलं. आता नमुन्याच्या बाटल्या मिरजकर चंदीगडला भरत, उत्तर फक्त त्यांच्याकडे राही, परीक्षेला दुसऱ्या केंद्राचा परीक्षक बसे आणि तपासणी पुन्हा चंदीगडला होई.

"एका हाताला दुसऱ्याचं कळता कामा नये," ते म्हणाले. "तरच न्याय. बसा ना शालिनीबाई. चहा?"

"नको. नमुना काय होता?"

"सोडियम सल्फाइट. मुलींनी लिहिलं सल्फेट. सगळ्यांनी." मिरजकरांनी चष्मा काढून पुसला. "चंदीगडच्या आणि इतर सगळ्या केंद्रांवरच्या मुलांनी सल्फाइटच लिहिलं, पाच-दहा अपवाद सोडले तर. फक्त त्या केंद्रावर हे असं."

"तुमच्या मनाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? तक्रार माझ्या सहपरीक्षकाने केली. मी फक्त सही केली." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. गुलमोहर फुलला होता. "वाईट वाटतं हो. पण केंद्राचा कारभारच तसा. पुरावा बिस्किटांच्या डब्यात ठेवणारी माणसं! तो राहणार कसा?"

शालिनीबाई उठल्या. दारात थांबून त्यांनी विचारलं, "जयंतराव, सल्फाइट आणि सल्फेट, फरक मोठा असतो का हो?"

"दिसायला काहीच नाही," मिरजकर म्हणाले. "दोन्ही पांढरी पूड."

आणखी काहीतरी ते सांगणार होते असं शालिनीबाईंना वाटलं. पण त्यांनी चष्मा लावला आणि समोरचा कागद ओढून घेतला.

४

त्या दिवशी परीक्षेला बसलेले परीक्षक होते ओमप्रकाश भल्ला, विद्यापीठाच्याच दुसऱ्या एका केंद्रातले. ते कामासाठी चंदीगडला आले होते. सेक्टर बावीसमधल्या एका ढाब्यावर त्यांनी शालिनीबाईंना बोलावलं आणि स्वतःसाठी छोले-भटुरे मागवले.

"नकल? मेरे सामने?" भल्ला हसले. "मॅडम जी, मी दिवसभर तिथेच बसलो होतो. दुपारी जेवायलासुद्धा बाहेर गेलो नाही. धुळीचं वादळ सुटलं होतं ना त्या दिवशी. मला दम्याचा त्रास. म्हणून मीच सगळ्या खिडक्या लावायला सांगितल्या. पंखे बंद, दारं बंद."

"मुलींनी तक्रार नाही केली?"

"गर्मी लग रही थी बेचारियों को। लेकिन मैं तो सच कहूं, आराम से बैठा। खिशातला पंप एकदाही काढावा लागला नाही." त्यांनी सदऱ्याचा खिसा थोपटला. "घरवाली को फोन करके बताया भी, आज तबीयत फर्स्ट क्लास है।"

"मुली एकमेकींशी बोलल्या?"

"एक बोलली. पाणी मागितलं." भल्लांनी कांदा तोंडात टाकला. "मैं सख्त आदमी हूं जी।"

"मग सगळ्यांचं उत्तर सारखंच चुकलं कसं?"

"चुकलं की नाही ते मला काय माहीत? उत्तर आम्हाला सांगतच नाहीत. पुडीत काय आहे ते आजही मला ठाऊक नाही."

शालिनीबाईंनी लस्सीचा पेला बाजूला सारला. "उरलेली पूड तुम्ही सील केली. कशात?"

भल्लांचा चेहरा ओशाळा झाला. "आता विचारताच आहात तर... चंदीगडहून लाकडी पेटी येते, तीच सील करायची असते. तिचं झाकण उघडतानाच तुटलं. सिद्धूसाहेबांच्या खोलीत बिस्किटांचा रिकामा डबा होता. त्यात बाटली ठेवली, दोरी बांधली, लाख लावली. अहवालात 'सीलबंद पेटी' असंच लिहिलं. हेडक्वार्टरवाले हसले असते, मॅडम जी. किसी को मत बताना।"

"तुम्ही कोणाला सांगितलं होतं?"

"तौबा! मी आणि सिद्धू. आम्ही दोघांनी ठरवलंच होतं, बोलायचं नाही."

लस्सी तशीच राहिल्याची आठवण भल्लांनी शालिनीबाईंना दोनदा करून दिली.

५

नियम मोडायचा त्यांचा स्वभाव नव्हता. उत्तर गोपनीय होतं, आणि चौकशी पुरी होईपर्यंत गोपनीयच राहायला हवं होतं. पण त्या ढाब्यापासून ऋचाची खोली दोन गल्ल्यांवर होती. त्या जिना चढल्या.

ऋचा पोळ्या लाटत होती. शिशिर ड्यूटीवर होता.

"ऋचा, एक गोष्ट सांगते. तुझ्यापाशीच ठेव. नमुना सोडियम सल्फाइट होता."

लाटणं थांबलं.

"सल्फाइट?"

"हो. तुझ्या मुलींनी सल्फेट लिहिलं."

ऋचाने तवा उतरवून ठेवला. "ते पोरींनी सांगितलंय मला. पण सल्फाइट? ताई, हे शक्यच नाही. विसराळूतली विसराळू पोरगीसुद्धा सल्फाइट चुकत नाही. ते डोळ्यांनी नाही, नाकानी ओळखायचं असतं."

"म्हणजे?"

"नळीत आम्ल टाकलं की त्यातून वायू निघतो. फटाके फुटल्यावर येतो ना तसला वास. नाकात झोंबतो, घसा खवखवतो. एका नळीने कोपरा खोकतो. अख्ख्या वर्गाने एकदम केलं तर खिडक्या उघडून पळावं लागतं. आणि दम्याचा माणूस असेल तर..."

शालिनीबाई लाकडी स्टुलावर बसल्या. "तर?"

"तर त्याला दवाखान्यात न्यावं लागेल."

पोळपाटावरची पोळी तशीच राहिली. शालिनीबाईंनी तिला भल्ला, बंद खिडक्या, खिशातून न निघालेला पंप हे सगळं सांगितलं.

"म्हणजे पुडीत सल्फाइट नव्हतंच," ऋचा सावकाश म्हणाली. "पोरींनी दिसलं ते लिहिलं."

"मग सल्फेट आलं कुठून? पूड बदलली कोणी?"

"बदलायला कोणी नको. ती आपली आपण बदलते." ऋचाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती हसतही होती. "सल्फाइटची बरणी जुनी झाली, झाकण सैल राहिलं, तर हवा लागून त्याचं सल्फेट होऊन जातं. दिसायला तसंच पांढरं. रसायनवाल्यांना हे पक्कं माहीत असतं. म्हणून परीक्षेला नेहमी ताजी बरणी फोडतात."

"आणि या परीक्षेला ताजी बरणी फोडणारा माणूस एकच."

ऋचाने खाली पाहिलं. मग तिने तवा पुन्हा गॅसवर ठेवला.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी शालिनीबाई मिरजकरांच्या घरी गेल्या. मिरजकर बागेत गुलाबांना पाणी घालत होते.

"जयंतराव, डबा कुठे आहे?"

"कसला डबा?"

"बिस्किटांचा. चौकशीच्या कागदांत पेटी लिहिली आहे. डबा होता हे भल्लांना ठाऊक, सिद्धूंना ठाऊक. त्यांनी कोणाला सांगितलं नाही. तुम्ही मात्र मला सांगितलंत."

नळाचं पाणी आळ्यातून वाहून हिरवळीवर गेलं. मिरजकरांनी तो बंद केला नाही.

"तेवढ्यावरून?"

"नाही. तो डबा कोणाला नकोसा व्हावा, याचा मी विचार केला. पुडीत सल्फेट होतं, म्हणजे ती पूड मुलींना वाचवणारी होती. केंद्रावरच्या माणसांना हे माहीत असतं तर त्यांनी ती जिवापाड जपली असती. पण त्यांना माहीत असणं शक्यच नव्हतं. भल्लांनी मुलींचे प्रयोग पाहिले, पण उत्तर काय हवं ते त्यांना ठाऊक नव्हतं. ऋचाला आणि सिद्धूंना उत्तर कोणी सांगितलंच नव्हतं. उत्तरही ठाऊक, मुलींनी काय लिहिलं तेही पाहिलेलं आणि बाटली कुठल्या बरणीतून भरली तेही ठाऊक, असा माणूस एकच होता. एका हाताला दुसऱ्याचं कळू नये अशी पद्धत तुम्ही केलीत, जयंतराव. दोन्ही हात तुमचेच होते."

मिरजकर बागेतल्या बाकावर बसले.

"मुलींच्या निरोप समारंभाला मला बोलावलं होतं," ते म्हणाले. "सिद्धूंच्या खोलीत बसवलं. उत्तरपत्रिका मी आधीच्या दिवशीच पाहिल्या होत्या. सगळीकडे सल्फेट. बघताक्षणी कळलं मला. कपाट उघडंच होतं. डबा पिशवीत टाकला आणि इथे येऊन तपासला."

"आणि?"

"सल्फेट. वासाचा लवलेश नाही."

"ताजं का नाही दिलं?"

"शेवटच्या पेटीला कमी पडलं. नवी बरणी मागवायला वेळ नव्हता. फळीवर एक जुनी होती." ते थांबले. "म्हटलं, त्या केंद्रापुरतं चालेल."

हे वाक्य त्यांनी असं उच्चारलं की जणू दुसऱ्या कोणाचं तरी ते पहिल्यांदाच ऐकत होते.

"सगळ्यांना सारखी बाटली, म्हणून मी भांडलो, शालिनीबाई. नावं ठेवून घेतली. आणि शेवटची पेटी भरताना..." त्यांनी हात हवेत सोडून दिला. "मी कळवणारच होतो. खरंच. पण मी बोलायच्या आधी सहपरीक्षकाने कॉपीची तक्रार लिहून आणली. सगळे म्हणाले, उघडच आहे. मी काहीच म्हटलं नाही. मग सहीला कागद आला."

"त्या मुलीने खोटी कबुली दिली. ते कळलं होतं तुम्हाला?"

"कळलं होतं."

आत फोन वाजला आणि थांबला.

"एक विनंती करू?" मिरजकर म्हणाले. "नमुना जुना निघाला, एवढं लिहा. मुली सुटतील, ऋचा सुटेल. डबा हरवला, कोणी नेला ते कळलं नाही, असं राहू द्या. माझी पद्धत तरी टिकेल. ती चांगली आहे. तुम्हालाही माहीत आहे."

शालिनीबाईंना ते माहीत होतं. अवघड क्षार देऊन मुलांना पाडणारे परीक्षक त्यांनीही पाहिले होते.

"डब्याशिवाय नमुना जुना होता हे कशावरून म्हणू? भल्लांना खोकला आला नाही म्हणून? लोक म्हणतील, पोरींनीच डबा लपवला, आणि मराठी बाईने मराठी बाईला सोडवलं. त्या मुली संशयाचा फायदा घेऊन सुटलेल्या ठरतील. जन्मभर. त्यांनी काय केलंय तसं सुटायला?"

मिरजकर उठले. नळ बंद करून घरात गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात बिस्किटांचा डबा होता. लाख तुटलेली होती, दोरी मात्र पुन्हा नीट बांधली होती.

"फेकायला हात झाला नाही," ते म्हणाले. "नमुना कधी फेकला नाही मी."

डबा त्यांनी शालिनीबाईंच्या हातात दिला. "माझं नाव लिहा. आणि पद्धतीबद्दलही लिहा काहीतरी."

"लिहीन," शालिनीबाई म्हणाल्या. "पुढच्या वर्षीपासून चंदीगडच्या बाटल्या केंद्रांनी भराव्यात, असं लिहिणार आहे. आणि केंद्रांच्या चंदीगडने."

"हे मला सुचायला हवं होतं," मिरजकर म्हणाले.

७

कुलगुरूंनी अहवाल घरीच वाचला आणि एक मधला मार्ग सुचवला. मुलींची पुन्हा परीक्षा घ्यावी, म्हणजे कोणाचीच अब्रू जाणार नाही.

"ज्यांनी बरोबर लिहिलं त्यांची पुन्हा परीक्षा कशासाठी?" शालिनीबाईंनी विचारलं. कुलगुरूंनी अहवालावर सही केली. निकाल दुसऱ्या दिवशी लावायचं ठरलं. फक्त एक अडचण राहिली होती. गुरलीनची कबुली. ती तिने स्वतः मागे घ्यायला हवी होती.

केंद्राला सुट्ट्या लागल्या होत्या. सिद्धूंनी प्रयोगशाळा उघडून दिली. ऋचा दाराशी थांबली. गुरलीन आईबरोबर आली होती, आई बाहेर बाकावर बसली.

"मी काय बोलू?" गुरलीनने हिंदीत विचारलं. "आप बता दीजिए, मॅडम। जैसा आप कहें।"

"मी नाही सांगणार."

"पण बरोबर काय ते मला माहीत नाही."

"बरोबर काय ते मी विचारत नाहीये. तू आम्ल टाकलंस. काय झालं?"

गुरलीनने ओट्याकडे पाहिलं. आपण त्या दिवशी कुठे उभ्या होतो, ती जागा तिने शोधली आणि तिथे जाऊन उभी राहिली.

"कुछ नहीं। कोई गॅस नहीं। मैंने दो बार किया।"

"मग?"

"मग बेरियम क्लोराइड. सफेद हो गया, दही जैसा।" तिचा हात आपोआप वर आला होता, अंगठा आणि दोन बोटं, मध्ये नळी असावी तशी. "फिर अ‍ॅसिड डालके हिलाया। नहीं घुला। मी उजेडाकडे धरून पाहिलं. तरी नाही विरघळलं."

"त्यावरून तुला काय वाटलं?"

मुलीने दाराकडे पाहिलं. ऋचा मुद्दाम दुसरीकडे बघत होती.

"सब कहते हैं..."

"सब तिथे नव्हते. तू होतीस."

बाहेर एक ट्रक गेला आणि तावदानं थरथरली. गुरलीनने हात खाली घेतला आणि ओढणी खांद्यावर सारखी केली.

"सल्फेट," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, "सल्फेट ही था जी। मैंने किसी से नहीं पूछा। किसी को नहीं बताया।"

शालिनीबाईंनी ते तिच्याच शब्दांत उतरवून घेतलं आणि खाली तिची सही घेतली. पेनाचं टोपण लावलं. आणि मगच तिला सांगितलं, की तिचं उत्तर बरोबर होतं.